लुक्काचा तट आणि व्हीलचेअर



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि संगीत या विषयांवर अधिकाराने बोलणारी माणसे येऊन गेली आहेत. मी सरकारी नोकरीत रस्ते आणि पूल बांधण्यात आयुष्य घालवलेला अभियंता. त्यामुळे चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी माझ्या आवाक्यातला सांगितला : इटलीतील लुक्का नावाचे जुने गाव व्हीलचेअरमधून कसे पाहता येते. चिटणीस थोडे थबकले. एवढ्याशा विषयावर तासभर काय बोलणार, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. पण त्यात मोजण्याजोगे पुष्कळ आहे, आणि जे मोजता येते ते सुधारता येते, असा आमच्या धंद्यातला अनुभव आहे.

हे गाव माझ्या वाट्याला कसे आले ते आधी सांगतो. माझी थोरली बहीण आक्का. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. कुबड्यांवर चालत ती शिकली आणि बडोद्याच्या एका शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झाली. इतकी वर्षे शरीराचा सगळा भार खांद्यांनी वाहिला. शेवटी खांदेच थकले आणि ती व्हीलचेअर वापरू लागली. बडोद्यात वाढलेल्या माणसाला इटालियन शिल्प अगदीच परके नसते. लक्ष्मीविलास राजवाड्यात ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराची कामे आहेत. आक्काला त्या देशाची ओढ तिथूनच लागली.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला गेलो. पैसे सर्वांचे सारखे घेतले होते. आम्ही सहा शहरे पाहिली आणि आक्काने सहा वाहनतळ पाहिले. दर ठिकाणी एकच वाक्य असे : "ताई, तुम्ही बसमध्येच बसा, आम्ही पटकन जाऊन येतो." हे वाक्य फक्त कंपनीचा माणूस बोलत होता असे सांगितले तर मी खोटा ठरेन. चौथ्या शहरापासून मीही ते बोलू लागलो होतो. परत आल्यावर महिनाभराने आक्का म्हणाली, "पुढच्या वेळी गाव मी निवडते. तू फक्त मोजमापे आण."

तिने लुक्का निवडले. मी मोजमापे आणायला बसलो आणि तेव्हा मला प्रथमच कळले, की मी आयुष्यभर जे बांधत आलो त्याकडे चाकावर बसलेल्या माणसाच्या बाजूने कधी पाहिलेच नव्हते.

इटलीतील लहान ऐतिहासिक गाव म्हटले की डोळ्यांपुढे टेकडीवरचे गाव येते. सिएना, आसिसी, पेरुजा, सान जिमिन्यानो ही सारी चढउतारांची गावे. उंच जागा संरक्षणाला सोयीची होती. लांबून येणारा शत्रू दिसावा आणि वर चढताना त्याची दमछाक व्हावी, हा हिशेब त्यात होता. शत्रू गेले, चढ राहिले. आज तो चढ पर्यटकाची परीक्षा घेतो, आणि व्हीलचेअरमधल्या माणसाला बहुधा तळाशीच अडवतो.

ओर्व्हिएतो हे असेच सरळ तुटलेल्या कड्यांच्या पठारावर वसलेले गाव. तिथे एक विलक्षण विहीर आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवे क्लेमेंट या गावात आश्रयाला आले. वेढा पडला तर पाणी कमी पडू नये म्हणून त्यांनी आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ती खोदवून घेतली. ती सुमारे ५३ मीटर खोल आहे. तिच्या भोवती एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत. पाणी आणणारी खेचरे एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने चढत, त्यामुळे वाटेत कधी समोरासमोर येत नसत. पायऱ्या रुंद आणि बसक्या आहेत, कारण त्या ओझ्याखालच्या जनावरासाठी घडवल्या आहेत. पण त्या २४८ आहेत, आणि चाकाला बसकी पायरीही पायरीच असते. त्याच ओर्व्हिएतोत खालच्या वाहनतळापासून गावात नेणारे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. म्हणजे गावात पोचता येते, विहिरीत उतरता येत नाही. बांधणाऱ्याने खेचराचा खूर मनात धरला होता. चाक कोणाच्या मनात नव्हते.

इथून मला प्रश्न सापडला. कोणतीही जुनी वास्तू पाहताना मी आता विचारतो : ही बांधली तेव्हा इथून काय जायचे होते? पाय, खूर की चाक? उत्तर चाक असेल तर तिथे व्हीलचेअर जाण्याची आशा असते. लुक्का हे अशा उत्तराचे गाव आहे.

लुक्का तोस्कानात, सेर्किओ नदीच्या सपाट खोऱ्यात आहे. इ. स. पूर्व १८० मध्ये तिथे रोमन वसाहत झाली आणि तिची सरळ, काटकोनात छेदणारी गल्ल्यांची आखणी आजही नकाशात ओळखू येते. टेकडीचा आधार नाही म्हणून या गावाने संरक्षणासाठी सगळा भर तटावर ठेवला. आज दिसतो तो तट सोळाव्या शतकात बांधायला घेतला आणि १६५० च्या सुमारास पुरा झाला. लांबी सुमारे ४.२ किलोमीटर, बाहेरून उंची सुमारे १२ मीटर, पायथ्याशी रुंदी सुमारे ३० मीटर, आणि अकरा बुरूज. म्हणजे ही नुसती भिंत नाही. बाहेरून विटांनी बांधलेला आणि आत मातीने भरलेला तो एक लांबलचक बांध आहे.

एवढी रुंदी कशासाठी, हे आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्यांना सांगायला नको. तोफांचे युग आले होते. उंच, पातळ भिंत तोफेच्या गोळ्याने फुटते. जाड, मातीने भरलेला तट तो गोळा पोटात घेतो. आणि आपल्याही तोफा वर न्यायच्या, एका बुरुजावरून दुसऱ्यावर हलवायच्या, तर तटाच्या माथ्यावर गाडी चालेल असा सपाट रस्ता हवा आणि गावाच्या बाजूने वर चढणारे उतार हवेत. तटाच्या माथ्यावरच्या या चालीला आपल्याकडे फांजी म्हणतात. लुक्काची फांजी तोफेच्या गाड्यासाठी बांधलेली आहे. एकोणिसाव्या शतकात तटाचे लष्करी काम संपले, तेव्हा पार्माच्या बुर्बों घराण्यातल्या मारिया लुइसा या राज्यकर्तीच्या काळात तिथे सार्वजनिक फिरण्याची जागा केली गेली. आज दोन्ही कडांना मोठी झाडे आहेत, मधला रस्ता पक्का आहे, आणि माणसे सायकली, बाबागाड्या आणि व्हीलचेअर घेऊन गावाला पुरी प्रदक्षिणा घालतात. वाटेत एकही पायरी नाही.

गंमत अशी, की हा तट वेढ्यासाठी बांधला आणि त्याला वेढा कधी पडलाच नाही. त्याने खरा शत्रू अडवला तो पाण्याचा. १८१२ मध्ये सेर्किओला महापूर आला, तेव्हा दरवाजे बंद करून गाव वाचवले गेले. त्या वेळी लुक्कावर नेपोलियनची बहीण एलिझा हिची सत्ता होती. ती बाहेर अडकली, दरवाजा उघडला तर पाणी आत येणार, म्हणून तिला यारीने उचलून तटावरून आत घेतले, असे तिथे सांगतात. ही कथा ऐकून आक्का खूप हसली. मग म्हणाली, "राणीला एकदा उचलले तर दोनशे वर्षे गोष्ट चालली आहे. मला प्रत्येक लग्नाच्या कार्यालयात उचलतात, त्याची कोणी गोष्ट सांगत नाही."

उचलणे या प्रकाराबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या घरांत तो मदतीचा सर्वोत्तम प्रकार समजला जातो. "दोनच तर पायऱ्या आहेत, चौघे मिळून उचलू." उचलणाऱ्यांच्या मनात प्रेमच असते. पण उचलले जाणाऱ्याला कधी आत जायचे आणि कधी बाहेर यायचे हे ठरवता येत नाही. चौघे मोकळे होईपर्यंत थांबावे लागते. पाणी प्यावे की नको याचाही विचार करावा लागतो, कारण मग स्वच्छतागृहापर्यंत पुन्हा चौघे हवेत. शिवाय खुर्ची कलते, हात सुटतो, अपघात होतात. उतार असेल तर एक मदतनीस पुरतो, आणि चांगला उतार असेल तर तोही लागत नाही.

चांगला उतार म्हणजे किती? इटलीत १९८९ च्या १३ क्रमांकाच्या कायद्याला जोडून त्याच वर्षी २३६ क्रमांकाचा मंत्रालयीन आदेश निघाला, त्यात हे आकडे आहेत. उतार सर्वसाधारणपणे आठ टक्क्यांहून तीव्र नको. म्हणजे एक मीटर उंची चढायला साडेबारा मीटर लांबी हवी. पंधरा सेंटीमीटरच्या एका साध्या पायरीला जवळजवळ एक मीटर नव्वद सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. पायरीवर टेकवलेली हातभर लांबीची फळी हा उतार नसतो, ती घसरगुंडी असते. उताराची रुंदी किमान ९० सेंटीमीटर हवी, आणि दर दहा मीटरनंतर दीड मीटर लांबीरुंदीची सपाट जागा विसाव्याला हवी. इमारतीच्या मुख्य दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटीमीटर. आपल्याकडचे एकास बारा हे प्रमाणही याच्या अगदी जवळचे आहे.

लुक्काचे तटावर चढणारे उतार या मापात बसतात का? सगळे बसत नाहीत. ते तोफ ओढणाऱ्या जनावरांच्या ताकदीने आखलेले आहेत, एका माणसाच्या दंडाच्या ताकदीने नव्हेत. काही बऱ्यापैकी मंद आहेत, काहींवर ढकलणाऱ्याला दम लागतो. म्हणून चढण्याची आणि उतरण्याची जागा आधी निवडावी. एकदा वर गेले की चार किलोमीटर काळजी नाही. तीव्र उतारावरून खाली येताना मदतनीसाने खुर्ची उलटी धरून, स्वतः खालच्या बाजूला राहून मागे मागे उतरावे. सरळ उतरवली तर बसलेला माणूस पुढे घसरण्याची भीती असते.

याच इटालियन आदेशातील तीन शब्द मला फार उपयोगी वाटले. तो 'सुगम' असा एकच शिक्का मारत नाही, तीन पायऱ्या करतो. पहिली प्रवेशसुलभता : माणूस स्वतंत्रपणे आत जाऊन सर्व भाग वापरू शकतो. दुसरी भेटयोग्यता : तो आत येऊन मुख्य जागेत बसू शकतो आणि एक स्वच्छतागृह वापरू शकतो. तिसरी बदलयोग्यता : आज सोय नाही, पण बेताच्या खर्चात पुढे करता येईल अशी रचना आहे. आपली घरे या तीन शब्दांनी तपासून पाहा. आमचा जुना वाडा पहिल्या दोन्हींत नापास झाला. उंच उंबरठा, आत पुन्हा एक पायरी, न्हाणीघराचे दार जेमतेम ५५ सेंटीमीटर. पन्नास वर्षे आक्का त्या घरात राहिली, आणि आम्हांला वाटत होते की अडचण तिच्या पायांत आहे.

जुन्या वास्तूंचे काय, त्यांना हात कसा लावायचा, हा प्रश्न रास्त आहे. इटालियन कायद्याने तिथे मला शहाणपणाचा वाटलेला मार्ग काढला. संरक्षित वास्तूत असा बदल करायला परवानगी नाकारता येते, पण त्या बदलाने वास्तूचे गंभीर नुकसान होणार असेल तरच, आणि नकाराची कारणे द्यावी लागतात. म्हणजे 'होय' म्हणणाऱ्याइतकेच ओझे 'नाही' म्हणणाऱ्यावरही आहे. २००८ मध्ये इटलीच्या सांस्कृतिक मंत्रालयाने वारसास्थळांसाठी खास मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत परत काढून घेता येईल अशा रचनेवर भर आहे : खिळा न ठोकता टेकवलेला धातूचा किंवा लाकडी उतार, जो उद्या उचलला तर मूळ दगडावर ओरखडाही राहू नये. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये आणि इटलीने २००९ मध्ये मान्य केला. त्याच्या तिसाव्या कलमात सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि पर्यटनाची स्थळे यांचा उल्लेख आहे. म्हणजे देऊळ, संग्रहालय किंवा नाट्यगृह पाहणे ही चैन नाही, हक्क आहे, असे आपल्या देशानेही लिहून दिले आहे.

आता प्रत्यक्ष गाव. पिसाच्या विमानतळावरून लुक्का जवळ आहे. पिसाहून रेल्वेने साधारण अर्धा तास. इटलीच्या रेल्वेत 'साला ब्लू', म्हणजे निळी खोली, नावाची मदतव्यवस्था आहे. आगाऊ कळवले तर फलाटावर माणूस येतो आणि उचलयंत्राने खुर्ची डब्याच्या पातळीला नेतो. युरोपातील विमान कंपन्यांनाही निदान ४८ तास आधी कळवावे. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि खुर्चीचे वजन तेव्हाच सांगावे.

लुक्काचे स्थानक तटाच्या दक्षिणेला, अगदी जवळ आहे. इथे पहिला चकवा आहे. बहुतेक प्रवासी समोरच्या हिरवळीवरून थेट तटाकडे जातात आणि बुरुजातल्या भुयारी वाटेने वर चढतात. जवळची वाट ती खरी, पण तिच्या पोटात जिना आहे. आपण डावीकडे वळून सान पिएत्रो दरवाजाने आत जावे. हा सोळाव्या शतकातला दरवाजा गाड्याघोड्यांसाठी होता, त्यामुळे तिथे वाट सपाट आहे. इथेही तोच नियम.

आतल्या गल्ल्यांत मोठ्या, सपाट दगडी लाद्या आहेत. गोट्यांच्या फरसबंदीपेक्षा हे पुष्कळ बरे, पण सांध्यांत पुढची लहान चाके अडकतात. खुर्ची भाड्याने घ्यायची असेल तर पुढची चाके मोठी आणि रुंद असलेली मागावी. खराब जागी मदतनीसाने खुर्ची किंचित मागे कलवून मागच्या मोठ्या चाकांवर न्यावी. पावसात लाद्या निसरड्या होतात. गावात वाहनांवर निर्बंध असल्याने गल्ल्या बऱ्याच शांत असतात, मात्र सायकली खूप आहेत आणि त्यांची घंटा उशिरा वाजते.

दरवाजातून निघालो ते सान मार्तिनोच्या कॅथीड्रलपाशी आलो. त्याचा दर्शनी भाग एका बाजूला आखडलेला आहे, कारण घंटेचा मनोरा आधीचा आणि दर्शनी भाग नंतरचा. जागा उरली तेवढ्यात तो बसवला. ओसरीच्या एका खांबावर हातभर रुंदीचा चक्रव्यूह कोरलेला आहे. शतकानुशतके लोकांनी त्यावर बोटे फिरवल्यामुळे मधली आकृती झिजून गेली, असे म्हणतात. आत आक्काला जे पाहायचे होते ते आहे : याकोपो देल्ला क्वेर्चा याने घडवलेली इलारिया देल कार्रेत्तोची समाधी. इलारिया ही लुक्काचा सत्ताधीश पाओलो ग्विनिजी याची पत्नी, १४०५ मध्ये बाळंतपणानंतर वारली. संगमरवरात ती झोपलेली आहे, पायांशी तिचा कुत्रा मान वर करून तिच्याकडे पाहतो आहे, आणि खालच्या पेटीच्या बाजूंवर फुलांच्या माळा धरलेली मुले आहेत.

मी उभा होतो, मला इलारियाचा चेहरा वरून दिसत होता. आक्का बसलेली होती. तिच्या डोळ्यांसमोर माळा धरलेली मुले होती, आणि चेहरा तिला बाजूने, कडेच्या रेषेत दिसत होता. ती म्हणाली, "खाली वाक जरा. वरून तुला कुत्र्याचे डोळे दिसत नाहीत." मी गुडघ्यांवर बसलो. तिचे बरोबर होते. तोवर मी समजत होतो, की खुर्चीतून दिसते ते उभ्याने दिसते त्याहून कमीच असणार.

पुढे फिलुंगो या मुख्य गल्लीने आम्ही ॲम्फीथिएटर चौकात गेलो. रोमन प्रेक्षागृह गावाबाहेर होते. मध्ययुगात लोकांनी त्याच्या भिंतींतच घरे बांधली, आणि १८३० च्या सुमारास वास्तुविशारद लोरेंझो नोत्तोलिनी याने मधली गर्दी काढून लंबगोल चौक मोकळा केला. आजची जमीन रोमन जमिनीपेक्षा सुमारे तीन मीटर वर आहे. चार कमानींतून आत जाता येते. चौक सपाट आहे, भोवती खाण्यापिण्याची दुकाने आहेत, आणि बाहेर मांडलेल्या टेबलाशी व्हीलचेअरही इतर खुर्च्यांसारखीच एक खुर्ची होऊन जाते. चित्ताडेल्ला चौकात संगीतकार पुच्चिनीचा पुतळा आहे. तो याच गावात १८५८ मध्ये जन्मला. पुतळ्यातही तो खुर्चीत बसलेला आहे. आक्काने त्याच्याशेजारी फोटो काढून घेतला, आणि मला चौकटीच्या बाहेर ठेवले.

काय पाहता आले नाही तेही सांगतो. ग्विनिजी मनोरा सुमारे ४५ मीटर उंच आहे, त्याच्या माथ्यावर ओकची झाडे आहेत, आणि वर जायला सव्वादोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. कायद्याने तिथे लिफ्ट घालता येईल असे मला अभियंता म्हणून वाटत नाही. चौदाव्या शतकाची ती सडपातळ विटकामाची नळी आहे. पण मनोऱ्यावर माणसे जातात ती उंचीवरून गाव पाहायला, आणि लुक्कात ही उंची तटावर पायरीशिवाय मिळते. उत्तरेकडच्या फांजीवरून पाल्लाझ्झो फान्नेरची पुतळ्यांनी सजलेली बाग खाली पसरलेली दिसते, मागे सान फ्रेदिआनोचा मनोरा, घरांची कौले, आणि दूर झाडे डोक्यावर घेतलेला तोच ग्विनिजी मनोरा. आक्का तिथे दोन तास बसून रेखाटने करत होती. "पटकन जाऊन येतो" म्हणणारे कोणी नव्हते. मलाच कंटाळा येऊन मी दोनदा कॉफी आणायला गेलो.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. हॉटेलला 'तुमच्याकडे सोय आहे का' असे विचारू नये. उत्तर नेहमी 'होय' येते. आम्हांला असे एक 'होय' मिळाले होते आणि त्याच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या. आकडे विचारावेत : दाराची मोकळी रुंदी, पायरीची उंची, लिफ्टच्या आतली लांबीरुंदी, न्हाणीघरात खुर्ची वळायला जागा. जमल्यास मोजपट्टी धरून काढलेला फोटो मागवावा. जुन्या इमारतीत नंतर बसवलेल्या लिफ्टला १.२० मीटर गुणिले ८० सेंटीमीटर एवढे आतले माप चालते. त्यात खुर्ची मावते, शेजारी मदतनीस मावत नाही. म्हणून स्वतःच्या खुर्चीची रुंदी हातांच्या कड्यांसकट मोजून लिहून ठेवावी. अनेक चर्च दुपारी बंद असतात. तो वेळ तटावर घालवावा. वसंत आणि शरद ऋतू चांगले, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संधीला लुक्कात चित्रकथांचा मोठा महोत्सव भरतो, तेव्हा गल्ल्यांत खुर्ची हलत नाही. १३ सप्टेंबरच्या रात्री मिरवणुकीसाठी गाव दिव्यांनी उजळते. ते पाहण्यासारखे आहे, मात्र जागा संध्याकाळीच धरावी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत जवळ असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे : दिवसाचा क्रम खुर्चीतल्या माणसाने ठरवावा. ढकलणाऱ्याच्या हातात दिशा असते, म्हणून त्याला वाटू लागते की निर्णयही त्याचाच.

माझे बोलणे इथे संपले असते. पण व्याख्यानात आकडे दिले आणि घरचा आकडा दिला नाही, असे व्हायला नको.

या सभागृहाला दाराशी तीन पायऱ्या आहेत. आक्का आज आवारात, झाडाखालच्या ध्वनिक्षेपकाशेजारी बसून ऐकते आहे. आपले दोन तरुण कार्यकर्ते तिला उचलायला गेले होते. तिने हात जोडून नको म्हटले. गेली काही वर्षे ती व्याख्यानांना येत नाही म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी माझ्याकडे तिच्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती उत्तम आहे. काल संध्याकाळी मी मोजपट्टी घेऊन आलो होतो. तिन्ही पायऱ्या पंधरा सेंटीमीटरच्या, एकूण ४५. आठ टक्क्यांनी ५.६ मीटर लांबीचा उतार लागेल. डाव्या हाताला भिंतीलगत सात मीटर जागा आहे, तिथे सध्या दुचाक्या लावतात. दाराची मोकळी रुंदी एक मीटर दहा भरली, म्हणजे दार पहिल्यापासूनच पास आहे. आराखडा आणि खर्चाचा अंदाज मी चिटणीसांच्या टेबलावर ठेवला आहे.

प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम आपण आवारात घेऊ या. लुक्काविषयी आक्काला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.